दीपगृहात नेलेला बॅरोमीटर

चक्रीवादळ अजून दोनशे किलोमीटर दक्षिणेला होतं, पण क्यूबाच्या किनाऱ्यावरच्या पुंता सेका गावच्या लोकांनी सकाळपासूनच सामान हलवायला घेतलं होतं. वादळाआधी प्रत्येक घरातली सगळ्यात मोलाची वस्तू गावातल्या सगळ्यात भक्कम इमारतीत जायची. ती इमारत म्हणजे दीपगृहाचं दगडी घर. दुपारपर्यंत त्याच्या वरच्या खोलीत नऊ टीव्ही, चार पंखे, एक शिलाई मशीन आणि नेरेइदाबाईंचा फ्रिज येऊन बसला होता. प्रत्येक वस्तूवर मालकाचं नाव लिहिलेली चिकटपट्टी होती.

या सगळ्यात भिंतीवर हवामान केंद्राचा पाऱ्याचा बॅरोमीटर टांगलेला होता. त्यालाही कोणीतरी गमतीने चिकटपट्टी लावली होती: ‘रिगोबेर्तो’.

रिगोबेर्तो केंद्राचे प्रमुख. एकतीस वर्षं ते हवेचा दाब मोजत होते आणि डिसेंबरात निवृत्त होणार होते. त्यांचं केंद्र खाली किनाऱ्यालगत होतं. मागच्या वादळात तिथे कमरेएवढं पाणी शिरलं होतं, म्हणून अकराची नोंद झाल्यावर त्यांनी बॅरोमीटर स्वतः काढला, नळी हळूहळू तिरकी करत पारा वरपर्यंत भरू दिला आणि तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून टेकडी चढले. मागून ओदालिस वही आणि दुरुस्त्यांचा तक्ता घेऊन चालत होती. ओदालिस हवानाहून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन आली होती आणि दोन वर्षं त्यांच्या हाताखाली होती; त्यांना ती ‘प्रोफे’, म्हणजे सर, म्हणायची.

केंद्रात इलेक्ट्रॉनिक यंत्रही होतं, पण ते दीड वर्षापूर्वी बंद पडलं होतं. त्यातला नखाएवढा एक भाग अमेरिकेत बनायचा आणि अमेरिका तो क्यूबाला विकत नव्हती. आकडे मात्र त्या बाजूला रोज जात. पुंता सेकाहून फोनने हवानाला आणि हवानाहून मायामीला. दोन्ही सरकारं एकमेकांना शिव्या घालत असतानाही ही देवाणघेवाण चालू राहिली होती, आणि आपल्या आकड्यावर तिकडे कधी शंका आली नाही याचा रिगोबेर्तोंना फार अभिमान होता. हवानातल्या कचेरीत दरवर्षी कोणीतरी हे केंद्र बंद करायचं म्हणे, आणि दरवर्षी ते याच एका कारणाने वाचायचं.

अडीच वाजता दीपगृहातला फोन वाजला. हवानाहून मार्सेलो बोलत होता. त्या दिवशी तिथली पाळी त्याची होती.

“दोस्त, रागावू नका. अमेरिकनांचं विमान तुमच्या किनाऱ्याजवळून गेलं. आपणच परवानगी दिली होती. त्यांच्या हिशेबाने दोन वाजता तुमच्याकडे नऊशे अठ्ठ्याण्णव पॉइंट नऊ मिलिबार दाब असायला हवा. तुम्ही सत्त्याण्णव पॉइंट चार दिलेत. मायामी विचारतंय, यंत्र एकदा तपासाल का?”

“त्यांना म्हणावं, आधी आपलं विमान तपासा.”

“अगदी नम्रपणे विचारलंय हो.”

“नम्रपणे तर नम्रपणे. टाचणीएवढा भाग विकत नाहीत, वर आमच्या पाऱ्यावर संशय घेतात.” रिगोबेर्तोंनी फोन ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

नेरेइदाबाई आपल्या फ्रिजवर बसून वारा घेत होत्या. “काय म्हणतात यांकी?”

“आमचा आकडा चुकलाय म्हणतात.”

“मग वादळ कमी आहे की जास्त, तेवढं सांगा. फ्रिजमध्ये डुकराचं मांस आहे माझं.”

ओदालिसने वही उघडली. वाद कोणाचाही असो, तिला आलेख काढल्याशिवाय चैन पडत नसे. दहा वाजता १००४.२. अकराला १००३.१. बाराला १०००.३. एकला ९९८.९. दोनला ९९७.४. तिने ठिपके जोडले. दाब तासाला एक-दीड मिलिबारने उतरत होता. फक्त अकरा ते बाराच्या मध्ये तो एकदम जवळजवळ तीनने खाली आला होता. पायरी उतरावी तसा. त्यानंतरची रेघ पुन्हा पहिल्याच चालीने उतरत होती. बॅरोमीटर त्याच तासात हलवला होता.

तिला पहिली शंका आली ती हवेची. टेकडी चढताना नळीच्या वरच्या टोकात एखादा बुडबुडा गेला असेल, तर पारा खाली दबणारच. ती उठली, बॅरोमीटर हुकावरून काढून तिने सावकाश तिरका केला आणि कान लावला. पारा काचेच्या टोकाला लागला तो टक् असा स्वच्छ, कोरडा आवाज करत. हवा असती तर आवाज मऊ आला असता.

“काय करतेयस, पोरी?” रिगोबेर्तो वळून म्हणाले.

“नळी बघतेय, प्रोफे. चांगली आहे.”

“चांगलीच असणार. मी आणलीय.”

तिने बॅरोमीटर पुन्हा टांगला. शेजारी रिगोबेर्तोंनी तक्ताही जसाच्या तसा लावला होता, चारी कोपऱ्यांना खिळे मारून. वाचलेला आकडा घ्यायचा, तक्त्यात बघायचं, समुद्रसपाटीचा दाब मिळायचा. रोज चोवीस वेळा हेच. तक्त्याच्या डोक्यावर टंकलेलं होतं: ‘उंची ४ मीटर’. ओदालिसने खिडकीतून खाली पाहिलं. केंद्राचं छप्पर पायांच्या बरंच खाली दिसत होतं.

जितकं उंच, तितका हवेचा दाब कमी. तिने मनात भागाकार केला. मग एकदा कागदावर केला. मग ती हळू आवाजात म्हणाली, “प्रोफे, ही खोली समुद्रापासून किती उंच असेल?”

“सतरा मीटर. का?”

तिने तक्त्यावरच्या ‘४ मीटर’वर बोट ठेवलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तक्त्याकडे.

“तेरा मीटरचा फरक,” ते म्हणाले. “म्हणजे दीड मिलिबार.”

“हो.”

“तक्ता मीच लावला.”

“आणला मी, प्रोफे. मलाही सुचलं नाही.”

ते एका टीव्हीच्या खोक्यावर बसले. “ऐक. तीनच्या नोंदीत गुपचूप दीड मिळवू. पुढे सगळं बरोबर जाईल. दोन-तीन जुने आकडे कोण उकरून काढतो?”

ओदालिसने तीनचा दाब वाचला, जास्तीचे तेरा मीटर धरून हिशेब केला आणि वही त्यांच्यापुढे धरली. “९९७.३ येतोय. दोनला आपण ९९७.४ कळवलाय. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.”

त्यांनी बघितलं.

“दाब पडायचा थांबला असं दिसेल,” ती म्हणाली. “म्हणजे वादळ वळलं, असं दिसेल. तिकडेही आणि हवानालाही. इथून लोकांना न्यायला चारच्या बस येणार आहेत, त्या रद्द करतील.”

नेरेइदाबाई फ्रिजवरून उतरल्या. “वळलं का ते?”

“नाही, बाई,” रिगोबेर्तो म्हणाले. “सरळ येतंय.”

त्यांनी स्वतःच फोन लावला. मार्सेलोने सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली केला. “असं करू या का? फोनवर आकडा नीट ऐकू आला नाही असं मी लिहितो. लाइन तशीही खराबच असते. उगाच मायामीसमोर आपण का कमी दिसायचं?”

“तीन तास लाइन दीड मिलिबारनेच खराब होती?”

पलीकडून कागद ओढल्याचा आवाज आला.

“घे लिहून. बारा, एक आणि दोनच्या नोंदी चुकल्या. यंत्र उंचावर नेलं, उंचीची दुरुस्ती केली नाही. चूक केंद्रप्रमुखाची. आता बरोबर आकडे सांगतो.” त्यांनी ते सावकाश, एकेक अंक सुटा करून सांगितले: १००१.८, १०००.४, ९९८.९. शेवटचा सांगताना ते किंचित थांबले. विमानवाल्यांचा आकडाही तोच होता. मग त्यांनी तीनची नोंद सांगितली आणि मार्सेलोकडून सगळं परत म्हणवून घेतलं.

त्यांनी फोन ठेवला. एकतीस वर्षांत या केंद्रातून कळवलेल्या आकड्याची दुरुस्ती कधी गेली नव्हती. ती गेली तीही शत्रू म्हणावा अशा देशाकडे. आता तिकडे कोणीतरी पुंता सेकाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकलं, की हवानाला केंद्र बंद करायला आणखी कारण लागणार नव्हतं. तिने पेन्सिलीने आलेख दुरुस्त केला. पायरी गेली आणि एक सरळ, वाईट रेघ उरली.

चारला बस आल्या. नेरेइदाबाई मांसाची पिशवी घेऊन निघाल्या. दारात थांबून त्यांनी रिगोबेर्तोंच्या हातात तळलेल्या केळ्यांची पुडी ठेवली. “तोंड का उतरलंय तुमचं? माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षांत एक चूक कबूल केली नाही. बघा, कुठे आहे तो.”

“कुठे आहे?” ओदालिसने विचारलं.

“मायामीला,” बाई म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

चारची नोंद द्यायला ओदालिसनेच फोन केला. वारा आता खिडकीच्या फळ्यांवर जोरात आदळत होता. मार्सेलोने आकडा लिहून घेतला आणि म्हणाला, “थांब, ठेवू नकोस. मायामीचं उत्तर आलंय. चारही आकडे घेतले म्हणतात, आभार मानलेत. आणि आणखी एक. समुद्रात लावलेली त्यांची दोन यंत्रं वाहून गेलीत. विमान परत गेलंय, दुसरं आठपर्यंत येत नाही. तोवर पुंता सेकाने दर अर्ध्या तासाने नोंद दिली तर बरं होईल म्हणतात.”

तिने फोनवर हात ठेवला आणि निरोप सांगितला.

रिगोबेर्तोंनी केळ्याचा तुकडा खाल्ला, बोटं रुमालाला पुसली. “अर्ध्या तासाने? आठपर्यंत?”

“हो, प्रोफे.”

“किती वाजले?”

“चार वाजून बारा.”

“मग तू जरा पड. साडेचारची मी घेतो,” ते म्हणाले आणि चष्मा लावून बॅरोमीटरसमोर खुर्ची ओढली.