चिमणीची शाई

मुलाकडे अमेरिकेत, सनीव्हेलला येताना गंधाची सहाण नाशकातच राहिली. माझी सून नेत्रा जपानी पद्धतीची चित्रं शिकते. तिच्या टेबलावर एक काळा गुळगुळीत दगड असतो, त्यावर पाणी घालून ती शाईची कांडी उगाळते. मी आठवडाभर त्याच दगडावर देवांचं चंदन उगाळलं आणि दगड वरवर पुसून ठेवला. विचारून वस्तू घ्यायची मला सवय नाही.

तिला शिकवणाऱ्या जपानी बाई मायदेशी परत चालल्या होत्या. त्यांना द्यायला नेत्रा चिमणी काढत होती.

“चार फटकारे मारले की झाली चिमणी? बाकी कागद कोराच!” मी म्हटलं.

“आई, ते आभाळ आहे.”

पण शाई कागदावर धरेना. पंखांवर तेलकट डाग उठले. चिमण्या एकामागून एक केरात गेल्या. शेवटी नेत्रानं ब्रश खाली ठेवला.

“माझा हातच बिघडलाय. बाईंना काय तोंड दाखवू? सोडूनच देते हे सगळं.”

दगडाला चंदनाचा वास येत होता. तिला तो देवघरातला वाटला असणार. मला तिच्याकडे बघवेना.

“हाताला काय धाड भरलीय? दगड हुंगून बघ.”

तिनं हुंगला. माझ्याकडे पाहिलं आणि दगड हळूच माझ्यापुढे सरकवला. तेच जास्त लागलं.

मी दगड गरम पाण्यानं घासून आणला आणि तिच्या शेजारी बसले.

“कांडी दे इकडे. उगाळणं मला येतं. चुकलं म्हणणं तेवढं येत नाही.”

तिनं कांडी माझ्या हातात दिली आणि नवा कागद पसरला.