तारीख विसरलेला संगणक

खिडकीजवळच्या टेबलाखाली पाय लांब केलेत की ज्या पेटीवर अंगठा आपटतो, ती पेटी म्हणजे मी. मित्रांनो, मी या घरातला जुना संगणक आहे. माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. बाजारातल्या एका अरुंद दुकानात एका कारागिराने कुठला पंखा, कुठली तबकडी असे सुटे भाग जोडून मला उभे केले. शेवटी त्याने माझ्या पोटात नाण्याएवढा एक चपटा सेल दाबून बसवला. वीज नसतानाही मला तारीख आणि वेळ आठवत राहावी, एवढेच त्या सेलचे काम. तो सेल जरा लक्षात असू द्या.

मी घरी आलो तेव्हा शेजारपाजारची माणसे मला बघायला आली होती. हात धुतल्याशिवाय मला कोणी शिवायचे नाही, असा नियमच होता. आजोबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्या घरात हुशार असा हा एकटाच!" मला फार बरे वाटे. पुढे घरात मोबाइल आले आणि माझ्यावर कापडी खोळ चढली ती चढलीच. इस्त्रीचे कपडे माझ्या डोक्यावर रचले जाऊ लागले. कोणाचा अंगठा ठेचला की तेवढ्यापुरते माझे नाव निघे, तेही शिवीसकट.

माझी खोळ काढली ती सूनबाईने. आजोबा तिला याच नावाने हाक मारतात, म्हणून मीही. तिचा नवरा कामानिमित्त परगावी असतो. ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाला गोळ्या काढून देता देता तिच्या मनाने घेतले की आपण रीतसर शिकून औषधनिर्माता व्हायचे. त्यासाठीची प्रवेश परीक्षा घरी बसून देता येणार होती, पण मोबाइलवर नाही, संगणकावरच. रोज दुकानात जाण्याआधी ती माझ्यासमोर अभ्यासाला बसू लागली. मी घरघरत का होईना, तिच्या हाकेला उठत होतो. इतक्या वर्षांनी मी कोणाच्या तरी उपयोगी पडत होतो, मित्रांनो!

आजोबांची मात्र एक सवय होती. त्यांची हयात अग्निशमन दलात गेलेली. रात्री निजण्यापूर्वी ते घरभर फिरून भिंतीवरचे एकूण एक बटण बंद करीत. कोणी हसले की म्हणत, "जळालेली घरं मी बघितलीयेत, तुम्ही नाही." मी रोज रात्री विजेवाचून राही आणि माझ्या तारखेचा सगळा भार त्या बिचाऱ्या सेलवर पडे. सूनबाईच्या बहिणीचे ऑपरेशन झाले, तेव्हा आजोबा आणि सूनबाई दोघेही तिच्या मदतीला गेले. निघताना आजोबांनी माझा प्लगही उपटून ठेवला. त्या दिवसांत सेलने प्राण सोडला.

दोघे परतले ते परीक्षेच्या दिवशीच सकाळी. परीक्षा दुपारी दोनला होती. ही संधी हुकली की वर्षभर थांबायचे. सूनबाईने मला सुरू केले. मी पडद्यावर एक तक्रारीची ओळ दाखवली, पण घाईत तिने कळ दाबून ती घालवली. मग परीक्षेचे पान उघडायला गेली, तर पान उघडेना. दुसरे उघडून पाहिले, तेही उघडेना.

"आलं का नेट?" आजोबांनी विचारले.

"नाही ना, बाबा."

आजोबांनी माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. जुन्या टीव्हीला हा उपाय लागू पडे. मला पडला नाही.

सूनबाईच्या तोंडचे पाणी पळाले होते. पण ती रडत बसली नाही. तिने पदर खोचला आणि एकेक गोष्ट तपासायला घेतली. इंटरनेटच्या डबीवरचे दिवे हिरवे होते. तीच जोडणी मोबाइलवर धरली, तर मोबाइल झकास चालला. म्हणजे डबी ठीक होती. माझी वायर काढून तिने दुसरी लावली, तरी मी ढिम्म. मला बंद करून पुन्हा सुरू केले, तरी तेच. अखेर तिने इंटरनेटच्या कंपनीत फोन लावला. तिकडच्या मुलीने शांतपणे सगळे ऐकून घेतले. "ताई, आमची लाइन चालू आहे आणि तुमचा मोबाइलही चालतोय. म्हणजे दोष संगणकातच असणार. तिथेच शोधा."

"दे तो भंगारात!" आजोबा चिडून म्हणाले. माझ्या काळजात धस्स झाले.

"बाबा, आज याच्यावाचून माझं चालणार नाहीये. बघू द्या मला."

खरे सांगू? रस्ता उघडा होता, अडून बसलो होतो मी. कुठलेही पान उघडण्याआधी मी त्याचे ओळखपत्र आणि त्यावरची तारीख बघतो. सेल संपल्यामुळे माझी तारीख कितीतरी वर्षे मागे गेली होती. त्या हिशेबाने समोरची ओळखपत्रे अजून जन्मलीच नव्हती! म्हणून मी प्रत्येकाला खोटे ठरवून दारातून हाकलत होतो. हे मला तोंडाने सांगता येत नव्हते. जीव नुसता तळमळत होता.

सूनबाईने हात टेकले नाहीत. पडद्यावरचा शब्द न् शब्द ती वाचत गेली आणि तिची नजर खालच्या कोपऱ्यात अडकली. औषधाची पट्टी हातात आली की आधी तिच्यावरची तारीख बघायची, ही तिची दुकानातली सवय.

"अहो बाबा, ही तारीख बघा! तेव्हा तर माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं!"

तिने तारीख आणि वेळ बदलली आणि परीक्षेचे पान पुन्हा उघडले. ते उघडले! माझा पंखा आनंदाने भणभणू लागला.

"पण अशी गेलीच कशी तारीख?" आजोबांनी विचारले. सूनबाईने कंपनीतल्या त्या मुलीलाच पुन्हा फोन करून विचारले. आतला सेल संपला असेल, वीज गेली की तारीख परत जाईल, असे तिने सांगितले. आजोबांनी भिंतीवरच्या बटणाकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे माझ्यामुळेच झालं की गं हे."

"असू द्या हो. तुम्ही आमच्याच काळजीने करता. आज तेवढं राहू द्या चालू."

दोन वाजता परीक्षा सुरू झाली. आजोबांनी स्टूल आणून बटणाशेजारी मांडले आणि परीक्षा संपेपर्यंत त्यावर पहारा दिला. चहालाही उठले नाहीत. सूनबाई एकेक उत्तर देत होती आणि मी सगळा जीव एकवटून ते पोहोचवत होतो. शेवटचे उत्तर गेले, तशी ती खुर्चीत मागे टेकली आणि आजोबांकडे पाहून हसली.

दुसऱ्या दिवशी आजोबा घड्याळाच्या दुकानातून नवा सेल घेऊन आले. सूनबाईने तो माझ्या पोटात बसवला, पण आधी पाकिटावरची तारीख वाचून.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल. ते अडून बसले तर त्याला धपाटे घालू नका. ते काय सांगते आहे, ते नीट वाचा. आजोबा अजूनही रात्री सगळी बटणे बंद करतात. माझ्यापाशी आले की मात्र आधी खाली वाकून विचारतात, "काय रे, आज तारीख किती?" मी बरोबर सांगितली की मगच माझे बटण बंद होते.