ओढ्याकाठची आडवी झाडं

कुंडलजवळच्या ओढ्याला पूर आला आणि काठची झाडं आडवी करून गेला. पाणी ओसरल्यावर ग्रामसभेत एकच गलका झाला, सगळी उचला, ओढा मोकळा करा. तेव्हा सुतारकामात म्हातारे झालेले मोहिद्दीनचाचा उभे राहिले.

"आडवं पडलं म्हणून झाड मरत न्हाई. नखानं साल खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर ऱ्हाऊ द्या. त्याला नवे फोक फुटतील, मुळं काठ धरून ठेवतील. वाळलेली तेवढी न्या."

काठावरच कब्रस्तान होतं. पुरानं त्याचा कोपरा खाल्ला होता आणि चाचांच्या बायकोची, रहिमतबीची कबर काठापासून चार पावलांवर उरली होती. गावानं चाचांचं ऐकलं. वाळकी झाडं न्यायला मलकापूरच्या वखारवाल्या अजहरचं नाव निघालं, तेव्हा चाचाच म्हणाले, "पोरगा माझ्या हाताखाली रंधा धरायला शिकलाय. त्याची जबाबदारी माझी."

तिसऱ्या दिवशी चाचा काठावर गेले. ट्रॉली भरत आली होती. ताज्या कापातून रस पाझरत होता. प्रत्येक ओंडक्याच्या सालीवर नखाचा ओरखडा, आत हिरवागार. पोकळ, किडकी झाडं मात्र ओढ्यात तशीच लोळत होती.

"अजहर, हे काय रं?"

"आवं चाचा, वाळकं किडकं लाकूड कोण घेतंय? तुमी खूण सांगितली, लय काम वाचलं बघा. न्हाईतर एकेक कापून बघत बसलो असतो."

"ती झाडं ठेवायची म्हणून सांगितली होती मी."

"गावाला झाडं उचललेली दिसली की बास." अजहर हसला. "आन् सरपंचांना म्हटलं, चाचांनीच निवडून दिलीत. मग कोण बोलतंय?"

अजहर रहिमतबीच्या कबरीखालचा काठ धरून कललेल्या करंजाकडे वळला. "ह्यो बघा की चाचा. जित्ता हाय का?"

सकाळीच चाचांनी त्याच्या बुंध्यावरचे तांबूस कोंब पाहिले होते.

"मेलाय. आतनं पार पोकळ," ते म्हणाले.

पन्नास वर्षांत लाकडाबद्दल ते कुणाशी खोटं बोलले नव्हते. अजहरला ते पक्कं ठाऊक होतं. त्यानं खरवडूनही बघितलं नाही.

"मग ऱ्हाऊ दे," म्हणत तो करवतवाल्यांना पुढच्या जांभळाकडे घेऊन गेला. चाचा करंजाला पाठ लावून, कोंब झाकून उभे राहिले, ट्रॉली निघून जाईपर्यंत.