हरवलेल्या पुस्तकांचं प्रात्यक्षिक

रणधीर सरांनी शिवकन्याला चोर म्हणलं नव्हतं. तेवढा माणूस बेरकी. भर स्टाफरूममध्ये एवढंच म्हणाले होते, "अकरा पुस्तकांना काय पाय फुटले का ओ मॅडम?" आणि सगळे हसले होते. मुरुमच्या त्या कॉलेजात बारा वर्षं ग्रंथपाल म्हणून राबलेल्या बाईला लेखी माफी मागावी लागली. त्याला तीन वर्षं झाली, तरी ती ग्रंथालयाला कुलूप लावताना शिपाई अजून तिच्या पिशवीकडं बघायचा.

दिवाळीच्या सुट्टीत जुनं कपाट सरकवलं, तर मागं पडलेला कार्डांचा गठ्ठा निघाला. पुस्तक नेताना ज्यावर सही करतात ती कार्डं. त्याच अकरा पुस्तकांची. अकराच्या अकरांवर एकच सही, रणधीर सरांची. शिवकन्याच्या अंगाची लाही लाही झाली. तडक प्राचार्यांकडं जाता आलं असतं. पण मग काय, दार लोटून चहा झाला असता आणि प्रकरण मिटलं असतं. अब्रू चारचौघांत गेली होती, ती बंद खोलीत परत मिळून काय उपयोग? न्हाय, ह्याला असा सोडायचा न्हाय, तिनं ठरवलं.

जानेवारीत विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय कार्यशाळा घ्यायची ठरली. बढतीच्या फायलीत समन्वयक म्हणून नाव लागणार, त्यामुळं रणधीर सर सगळ्यांच्या पुढं. नियोजनाच्या बैठकीत अर्थशास्त्राचे शंकरप्पा सर म्हणाले, "नुसती भाषणं ठेवू नका मॅडम, पोरं झोपतात. हाताला काहीतरी काम द्या."

"व्हय सर, प्रात्यक्षिकच ठेवलंय," शिवकन्या म्हणाली. "हरवलेलं पुस्तक कसं शोधायचं. आधी रजिस्टर बघायचं, मग कपाट, मग कार्ड. आणि पुस्तक कुणाकडं आहे ते गटानं उभं राहून सांगायचं. अकरा गट, अकरा पुस्तकं. यादी जोडलीय, समन्वयकांनी एकदा नजरेखालून घालावी."

"तुमच्यावर विश्वास आहे ओ," मोबाइलमधून मान वर न काढता रणधीर सर बोलले आणि सही ठोकली. न वाचता सही करायची त्यांची खोड सगळ्या कॉलेजला ठाऊक होती. शिवकन्याला हसू आवरेना.

कार्यशाळेला सगळे प्राध्यापक पहिल्या रांगेत बसले. बी.ए.ची मिनाज आधी उठली. "आमचं पुस्तक रणधीर सरांकडं आहे."

दुसरा गट उठला. रणधीर सरांकडं. चौथ्या गटाला हॉलमध्ये खसखस पिकली. आठव्याला कुणी हसेना. अकराव्याला प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

रणधीर सर कपाळ पुसत तिच्याजवळ आले. हळूच म्हणाले, "मॅडम, माझ्या ध्यानातच नव्हतं. उद्या सगळी आणून देतो. आता थांबवा हे."

त्यांची काकुळती ऐकून तिला लई बरं वाटलं. इतकं बरं तिला तीन वर्षांत वाटलं नव्हतं, आणि त्याची तिला काडीची लाज वाटली नाही. तिनं माइक जवळ ओढला.

"उद्या कशाला, सर? कार्यशाळा पाचपर्यंत आहे. चला रे पोरांनो, पुस्तक सापडलं तरी ते हातात यायचं राहिलंय. सरांचं घर दोन गल्ल्या सोडून आहे. एका गटानं एक उचलायचं."

सगळ्यांत आधी शंकरप्पा सर उठले.