घर बंद

नकाशाबाईंच्या कुरियरचं ऑफिस म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. जेवणाच्या टेबलावर वजनकाटा आणि चिकटपट्टीची रिळं. कपाटातल्या चादरी माळ्यावर गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी दोन कप्पे झाले होते, एक ‘आजचं’ आणि एक ‘उद्याचं’. दाराशेजारच्या खुर्चीत सासूबाई, मांडीवर फोन. पाय गेल्यापासून सासूबाई सहा वर्षांत तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरल्या नव्हत्या, पण आवाज असा खणखणीत की गिऱ्हाईक फोन कानापासून वीतभर लांब धरून बोलायचं.

“पत्ता राहू दे बाजूला,” त्या म्हणायच्या. “आधी सांग, दार कोण उघडणार?”

हीच तर या धंद्याची गंमत होती. पावतीवर नाव, पत्ता, वजन या रकान्यांखाली एक जास्तीचा रकाना छापलेला होता: ‘दार कोण उघडेल?’ आणि त्याखाली ठळक अक्षरांत एक ओळ: ‘आमच्याकडे “घर बंद” हा शेरा मिळणार नाही.’ नकाशाबाईंजवळ दारांची एक वही होती. निळी इमारत, दुसरा मजला: बेल मेलेली, खिडकीवर किल्ली वाजवणे. दातांचा डॉक्टर: मागच्या दाराने. शिवणकाम करणाऱ्या ताई: मशीन थांबेपर्यंत थांबणे, मग हाक. अशी नऊशे दारं. डिलिव्हरीला त्या स्वतः आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन काका. नवरा लांबच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी, आणि त्या चार दिवसांत तोही पिशव्या वाहायचा, बिचारा.

लोकांना वाटायचं, काय ही बाईची सेवावृत्ती! सेवा कसली आलीय डोंबलाची! बाई सूड उगवत होत्या.

चौदा वर्षं त्यांनी मालकांच्या कुरियर ऑफिसात टपाल लावायचं काम केलं. कुठली गल्ली कुठल्या पिशवीत, हे झोपेतही सांगतील, म्हणून ‘नकाशाबाई’ हे नाव मालकांनीच ठेवलेलं. दोन वर्षांपूर्वी बाईंच्या मुलीने नर्सिंगच्या कोर्ससाठी अर्ज केला होता. जागा मिळाल्याचं पत्र कॉलेजने कुरियरने धाडलं, आणि ते आलं ते नेमकं मालकांच्याच ऑफिसात, त्या आठवड्यात बाई तापाने बहिणीकडे पडून असताना. दहा दिवसांत होकार कळवायचा होता. पत्र घरी आलंच नाही. मुलगी शेवटी स्वतः कॉलेजात जाऊन चौकशी करून आली, तेव्हा तिथल्या कारकुनाने परत आलेलं पाकीट तिच्या हातात ठेवलं. त्यावर तीन तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे एकच शेरा. घर बंद. घर बंद. घर बंद. जागा दुसऱ्या कुणाला देऊन झाली होती, आणि पुढच्या वर्षी मुलीचं प्रवेशाचं वय उलटत होतं.

घर बंद! ज्या घराच्या दारापासून हातभर अंतरावर एक म्हातारी सकाळपासून दिवे लागेपर्यंत बसलेली असते, ते घर बंद!

नकाशाबाईंनी पाकीट बघितलं मात्र, तळपायाची आग मस्तकात गेली. तिन्ही शेरे एका पेनाने, एका बैठकीत लिहिलेले. ‘घ’ला आकड्यासारखी शेपटी. ते अक्षर त्यांनी चौदा वर्षं वाचलं होतं. मालकांचं! त्या आठवड्यात माणसं कमी होती म्हणून मालक स्वतः पिशवी घेऊन फिरले होते.

ऑफिसात सगळ्यांच्या देखत त्यांनी जाब विचारला. मालकांनी पेन खाली ठेवलं नाही की मान वर केली नाही. “मी तीनदा बेल वाजवून आलो, बाई. तुमच्या सासूबाईंना डुलकी लागली असेल. वय झालं त्यांचं. आणि एवढाच भरवसा नसेल आमच्यावर, तर उद्यापासून नका येऊ.”

नोकरी गेली, त्याचं बाईंना फारसं काही वाटलं नाही. ती ‘डुलकी’ मात्र घरात शिरली आणि तिथेच मुक्काम ठोकून बसली. मुलगी चष्म्याच्या दुकानात काउंटरला उभी राहायला लागली. ती आजीला कधी वावगं बोलली नाही. तेच वाईट होतं. आधी आल्या आल्या आजीच्या गळ्यात पडणारी पोर आता नुसतं “जेवलीस का?” विचारून आतल्या खोलीत जायची. एकदाच रात्री आईला म्हणाली होती, “पण तीनदा, आई? तीनदा कुणी खोटं लिहील?”

आणि सासूबाई! दुपारी जेवल्यावर तासभर घोरणारी बाई, तिने दिवसाची झोपच सोडली. डोळे मिटायला लागले की गालावर चापट मारून घ्यायची. भाजी निवडता निवडता मधेच विचारायची, “सूनबाई, खरंच लागली असेल का गं मला डुलकी?”

“नाही हो, आई.”

“तू तर घरी नव्हतीस.”

ते पाकीट नकाशाबाई तेव्हापासून खांद्यावरच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात घेऊन फिरत होत्या. धंदा सुरू केला तो मालकांची झोप उडवायला. मालकांची गिऱ्हाइकं बाईंना तोंडपाठ होती. आधी दातांचा डॉक्टर फोडला, मग चष्मेवाला, मग तीन वकील, मग शिवणकामवाल्या ताई. दरवेळी नवीन गिऱ्हाईक आलं की बाई स्वयंपाकघरात जाऊन एकट्याच हसायच्या. दोन वर्षांत मालकांनी ऑफिसची जागा सोडली, माणसं कमी केली आणि तेही घरूनच काम करायला लागले. आता त्यांच्या हातात एकच मोठं गिऱ्हाईक उरलं होतं, रक्त तपासणारी प्रयोगशाळा. ते गेलं की मालकांनी गाशा गुंडाळलाच म्हणून समजा.

आणि त्या गुरुवारी दुपारी त्याच प्रयोगशाळेतून फोन आला. नकाशाबाई गेल्या तर तिथल्या मॅडमनी एक जाड पाकीट पुढे केलं. त्यावर मालकांचं नाव.

“हा त्यांचा पुढच्या वर्षीचा करार,” मॅडम म्हणाल्या. “आज पाचच्या आत सही होऊन परत आला, तर काम त्यांचं. नाही आला, तर उद्यापासून तुमचं. आमचे साहेब म्हणाले, एक शेवटची संधी द्या.”

“मग त्यांच्याच माणसाबरोबर पाठवायचं.”

“त्यांच्या माणसाबरोबर पाठवलं तर पोचेल का, सांगा बरं!” मॅडम हसल्या.

बाईही हसल्या. पिशवीत एका कप्प्यात मुलीचं पाकीट, दुसऱ्यात हे. स्कूटर चालवताना त्यांना अक्षरशः गुदगुल्या होत होत्या. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते देवाने आपण होऊन हातात आणून दिलं होतं.

मालक चौथ्या मजल्यावर राहायचे. लिफ्टने वर जाऊन बाई दारासमोर उभ्या राहिल्या. आत टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. मधेच तो ओळखीचा खोकला आला, आधी दोनदा छोटा, मग एकदा मोठा. माणूस आत बसलाय, दारापासून चार पावलांवर. नकाशाबाईंनी बेलकडे हात नेला नाही. पावतीपुस्तक भिंतीवर टेकवलं, पेन काढलं आणि शेऱ्याच्या रिकाम्या जागेत, अगदी घोटून घोटून लिहिलं: घर बंद.

काय समाधान वाटलं म्हणून सांगू! लिफ्टने त्या खाली आल्या, पिशवी सावरली, स्कूटरला किल्ली लावली. आणि तिथेच हात थांबला.

त्याला कळणार कसं? तो वर टीव्ही बघत बसेल. उद्या काम गेल्याचं कळेल, नशिबाच्या नावाने खडे फोडेल आणि विसरून जाईल. त्याला ना सासूबाई आठवणार, ना मुलगी. बाईंनी दोन वर्षं दातओठ खात काढली ती काय ह्याला आरामात बातम्या बघता याव्यात म्हणून? आणि वरून आपण लिहिलं ते काय, तर ह्याचाच शेरा! अंगावर पाल पडल्यासारखं झालं बाईंना. पावतीवरचे ते दोन शब्द त्यांनी कागद फाटेपर्यंत खोडले आणि तरातरा परत लिफ्टमध्ये शिरल्या.

या वेळी बेलवर बोट ठेवलं ते उचललंच नाही.

“कोण आहे, कोण आहे? आलो की!” दार उघडलं. मालकांच्या अंगात बनियन, गुडघ्याला पट्टा. “तुम्ही?”

“कुरियर,” नकाशाबाई म्हणाल्या. “सही करा.”

त्यांनी सही केली, पाकीट फोडलं, वाचलं आणि घड्याळाकडे बघितलं. सव्वाचार. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. दारातच करारावर सही ठोकून त्यांनी एका माणसाला फोन लावला, तो बंद. दुसरा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बाई तिथेच उभ्या राहून पिशवीचा पट्टा उगाच सैल करत होत्या, घट्ट करत होत्या.

“नकाशाबाई,” मालक शेवटी म्हणाले, “तुम्ही त्याच बाजूला जात असाल ना?”

“जात असेन.”

“मग एवढं जरा…”

“पावती करावी लागेल.”

मालकांनी निमूटपणे पावती भरली. ‘पाठवणारा’ या रकान्यात स्वतःचं नाव लिहिताना पेन जरा अडखळलं. ‘दार कोण उघडेल?’पाशी थांबून त्यांनी वर बघितलं. बाईंनी मान हलवली, लिहा. त्यांनी लिहिलं, प्रयोगशाळेच्या मॅडम. मग बाईंनी आतल्या कप्प्यातून ते जुनं पाकीट काढून त्यांच्या पुढ्यात धरलं.

“आता हे. शेरा चुकलाय. दुरुस्त करून द्या.”

मालकांनी पाकीट लगेच ओळखलं. “अहो, किती जुनी गोष्ट! आणि मी तेव्हाच म्हटलं होतं, तुमच्या सासूबाईंना…”

“त्यांचं नाव तोंडातून काढलंत तर तुमचा हा करार इथे पायपुसण्यावर ठेवून मी निघाले. जा मग स्वतः घेऊन, गुडघ्यासकट!”

“ही अडवणूक झाली.”

“झालीच! मग?”

आत टीव्हीवर जाहिरात लागली होती. मालकांनी पुन्हा घड्याळ बघितलं. चार पंचवीस. मग त्यांचा आवाज एकदम उतरला. “तिसरा मजला होता तुमचा, बाई. लिफ्ट नाही. गुडघा धरला होता. कोपऱ्यावर चहा घेतला आणि म्हटलं, जाऊ दे. मला काय माहीत आत काय आहे!”

“माहीत नव्हतं ना? मग तेच लिहा. गेलोच नाही, असं.”

त्यांनी एक ‘घर बंद’ खोडलं आणि त्यापुढे लिहिलं. पाकीट परत द्यायला लागले.

“तारखा तीन आहेत,” नकाशाबाई म्हणाल्या.

चौदा वर्षं ज्यांनी मान वर न करता हुकूम सोडले, ते मालक दाराच्या चौकटीला टेकून शाळेतल्या पोरासारखे तीनदा लिहीत होते. गेलोच नाही. गेलोच नाही. गेलोच नाही. खाली सही. ‘गे’च्या मात्रेलाही तीच शेपटी होती.

चार पन्नासला करार मॅडमच्या टेबलावर होता. “अय्या, आणलात?” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, आज तुमचंच नशीब उघडतंय.” नकाशाबाईंनी पोचपावतीवर सही घेतली. आता खोटं कशाला बोलायचं, एवढं मोठं काम हातचं गेल्याची हळहळ त्यांना वाटलीच. घरी आल्यावर मात्र मालकांची पावती त्यांनी टेबलावरच्या भिंतीला चिकटवली, अगदी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडेल अशी. पाठवणारा: मालक. एवढं तरी सुख नको का माणसाला!

साडेपाचला मुलगी दुकानातून आली. “जेवलीस का?” असं आजीला विचारून ती आत निघाली, तेवढ्यात बाईंनी ते पाकीट तिच्या हातात दिलं. ती वाचत राहिली. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

“काय गं ते?” सासूबाईंनी विचारलं. “चष्मा नाही माझा.”

“लिहिलंय, ‘गेलोच नाही’,” मुलगी म्हणाली. “तीनदा लिहिलंय, आजी. मालकांची सही आहे.”

“मेल्या!” सासूबाई कडाडल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “म्हणजे मला डुलकी लागली नव्हती.”

“नव्हती, आजी.” मुलगी खुर्चीपाशी खाली बसली. आजीच्या मांडीवरचा फोन तिने उचलून घेतला आणि तिथे डोकं ठेवलं. “चुकलं माझं. तू झोप आता जरा.”

“ही काय झोपायची वेळ आहे? आणि फोन?”

“मी घेते. दारही मी उघडते.”

“मी नाही झोपत भरदिवसा,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा हात नातीच्या केसांवरून फिरत होता. पाच मिनिटांत हात थांबला आणि खोलीत दोन वर्षांनी घोरणं ऐकू आलं.

फोन वाजला. पहिल्या रिंगलाच मुलीने उचलला.

“बोला. तिकडे दार कोण उघडेल?” ती कुजबुजली. “आणि हळू बोला हं जरा, आमची आजी झोपलीय.”