पेंढा भरलेल्या ड्रॅगनिणीची फिर्याद

मी एक जुनी ड्रॅगनीण आहे. पोटात पेंढा, डोळ्यांच्या जागी काचेच्या गोट्या आणि पायाशी पितळी पाटी: 'क्रूर नर. शिकारी: सर लायनेल ग्रॅम्शॉ.' मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. नाहीतर माझ्या शेपटीवर चाकूने स्वतःची नावं कोरणारी तुम्ही पोरं माझे कसले मित्र?

माझा जन्म ट्रेवेनच्या कड्यावरचा. आम्ही गावं जाळायला आग ओकतो असं तुम्हाला शिकवलंय. साफ खोटं! दगड तापवायचे आणि त्यांवर अंडी उबवायची, एवढंच त्या आगीचं काम. हे एकाच माणसाला कळलं. ऑगस्टा पेनरोज नावाची बाई घोळदार झगा वर खोचून सहा वर्षं समोरच्या कपारीत बसायची आणि गार मटणाचं सँडविच चावत वहीत लिहायची. मी तिला जाळलं नाही. चुकलंच माझं.

इथल्या विद्वानांच्या मंडळात बायकांना जाळीमागे बसवत. बाईचा निबंध पुरुष सभासदानेच वाचायचा आणि प्राणी दिसला ती जागा पहिल्याच पानावर बिनचूक लिहिलेली हवी, असा दंडक. ऑगस्टाने सगळं लिहिलं: कडा, वाट, ओहोटीची वेळसुद्धा. खोटं तिच्या स्वभावातच नव्हतं. निबंध वाचायला मिळाला ग्रॅम्शॉला. त्याने पहिलं पान वाचलं, बाकीची उलटायची तसदीही घेतली नाही आणि आठवड्याभरात बंदूक घेऊन आला. माझी तीन अंडी दगडावर गार पडली.

मला मंडळाच्या सभागृहात उभं केलं. एकदा ऑगस्टा आली आणि माझ्या पंजाला धरून रडली. मला तिची कीव आली नाही. रडून अंडी उबत नाहीत.

वीस वर्षांनी मंडळाने पहिल्यांदाच एखाद्या बाईला सभासद करायचं ठरवलं. ऑगस्टा जन्मभर याचीच वाट पाहत होती. काठी टेकत ती नवा निबंध घेऊन आली. त्यात दुसरी मादी होती, तिची चार अंडी होती. अध्यक्षाच्या खुर्चीत म्हातारा ग्रॅम्शॉ बसलेला, माझ्याच पुढ्यात.

"पहिलं पान कोरं आहे, बाई," तो म्हणाला. "जागा लिहा, मी सही करतो. मग आजपासून तुम्ही आमच्यातल्या."

"जागा विसरले."

"अंड्यावरचे ठिपके मोजलेत तुम्ही. आणि जागा विसरलात?"

"वय झालं, सरसाहेब. बायकांच्या डोक्यात काही टिकत नाही, असं तुम्हीच म्हणायचात ना?"

सभा खदाखदा हसली. ग्रॅम्शॉने निबंध तिच्यापुढे भिरकावला. सभासदत्व गेलं ते कायमचंच. तिने कागद गोळा केले आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

तर मित्रांनो, माझी धूळ झटका म्हणून मी विनवणार नाही. माझं व्हायचं ते होऊन गेलं. पण रानात कुठे घरटं दिसलं तर लांबून पाहा, वहीत लिहा आणि कुणी जागा विचारली तर खुशाल खोटं बोला. ऑगस्टाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण ती चार पिल्लं आज कुठे उडत असतील, तर तिच्या त्या एका खोट्यावर.