वापरात नसलेला पाट

नवी जागा आखायला हाती आली की मी आधी तिथे एक अख्खा दिवस नुसती बसून काढते. टेप नाही, मोजणीचं मशीन नाही, सोबत माणूस नाही. ऊन कुठून चढतं, वारा कुठे अडतो, गुरं कोणत्या वाटेने जातात, पाणी साचलं तर कुठे साचेल, एवढंच बघायचं. धुळ्यातले माझे धंद्यातले आर्किटेक्ट मित्र याला 'पुनम मॅडमचा उपास' म्हणतात. म्हणोत बापडे. जागेवर पाऊल न टाकता ऑफिसात बसून प्लॉट पाडणाऱ्यांची मला चीड आहे आणि ती मी कधी लपवलेली नाही.

ही जागा पिंपळनेरच्या अलीकडची, पांझरेच्या काठाची, सहा एकर. माणकचंदशेठांनी घेतलेली. शेठांचं पिंपळनेरात कापडाचं दुकान, आणि आता जमीन बिनशेती करून तिथे चाळीस प्लॉट पाडायचे होते. गेल्या वर्षीचा चैत्र होता. मी कडुनिंबाखाली सतरंजी टाकून बसले. दुपारी बारा वाजले तशी जमिनीवरची हवा थरथरायला लागली आणि समोरच्या बाभळी पाण्यात उभ्या असल्यासारख्या दिसू लागल्या. बघता बघता माझा डोळा लागला.

स्वप्नात ते पाणी माझ्यापर्यंत आलं. सतरंजीखालून वाहत होतं, पण मी भिजत नव्हते. त्याला आवाज नव्हता. उसाची दोन पानं तरंगत गेली, मग एक झेंडूचं फूल गेलं. पाण्याच्या पुढे कोणीतरी खांद्यावर फावडं टाकून चाललं होतं आणि पाणी मुकाट त्याच्या मागे येत होतं. मला इतकं बरं वाटत होतं की मी तशीच वाहत गेले असते.

"उठ व माय. पाटमा जपी गयी तू. पानी येई राह्यनं."

डोळे उघडले तर फावडंवाला खरंच समोर उभा. ऐंशीच्या घरातला म्हातारा, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. मी उठून पाहिलं. मी खरोखरच एका उथळ चरात झोपले होते. दोन हात रुंद, गवताने भरलेला तो चर नदीकडून येत होता, सगळ्या शेतातून वळणं घेत पलीकडच्या घरांकडे जात होता. मशीन लावलं असतं तरी इतकं नीट दिसलं नसतं.

या भागात पूर्वी फडाची शेती होती. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटावर एक पाटकरी. कोणाच्या वावराला कधी पाणी द्यायचं ते तो बघणार, इतरांनी पाण्याला हात लावायचा नाही. पुढे बोअर झाल्या, हा पाट पंचवीस वर्षांपूर्वीच कोरडा पडला. समोर उभे होते ते झुलाल आबा, या पाटाचे शेवटचे पाटकरी. हे मला त्यांच्या सुनेने, सुमनबाईने सांगितलं. ती त्यांना बघायला मागोमाग आली होती.

"रोज येतस आबा," ती म्हणाली. "मनं नाव इसरी गयात, मना चेहरा बी वळखतस नही. पन दुपारले पानी फिरावाले निंघतस. पाट धरीसन येतस, पाट धरीसन घर जातस. रस्तावर गयात का हाराई जातस. मांगला साल दहिवेलना फाटावर सापडनात."

आबा पुढे निघून गेले होते. पाटाच्या दोन्ही काठांना पाय लावत, खाली न बघता. त्यांना रस्ता डोळ्यांनी ठाऊक नव्हता, पायांनी ठाऊक होता.

मग मोजणी झाली. नकाशावर तो पाट मी अगदी प्रामाणिकपणे काढला आणि वर माझ्या हाताने लिहिलं: 'जुना पाट, वापरात नाही.' सरकारी दप्तरात त्याची नोंद नव्हती, तो ठेवायलाच हवा असा नियमही नव्हता. तरी पहिल्या आराखड्यात मी मुख्य रस्ता पाटाच्या वळणाने नेला, पाट त्याच्या कडेला तसाच उघडा ठेवला. शेठांनी चष्मा वर करून पाहिलं.

"मॅडम, रस्ता वाकला की आतल्या बाजूचे प्लॉट व्याघ्रमुखी होणार. समोर रुंद, मागे निमुळते. वाघाच्या तोंडात घर कोण बांधतो? बाहेरच्या बाजूचे गोमुखी, ते उद्या जातील. पण आतले चार माझ्या गळ्यात राहतील."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण घेणाऱ्यांचा आहे, आणि प्लॉट तेच घेतात. एरवी मी तासभर भांडले असते. त्या दिवशी भांडले नाही, कारण साक्रीतली आणखी दोन कामं अडली होती आणि सरळ रस्ता काढायला सोपा. रस्ता सरळ केला. नियमाने सोडावी लागणारी खुली जागा सगळे ढकलतात तशी लांबच्या कोपऱ्यात ढकलली. आणि शेठांना फोनवर सांगून टाकलं, जेसीबी लावून लेव्हल मारून घ्या.

आठ दिवसांनी खुणांचे दगड रोवायला गेले. भर दुपार. सहा एकर जमीन सारवलेल्या ओट्यासारखी सपाट पडली होती. आणि मधोमध झुलाल आबा उभे होते.

ते एक पाय पुढे टाकत, चाचपत, मागे घेत. मग दुसऱ्या बाजूला टाकत. काठ सापडत नव्हता. सुमनबाई हाका मारत धावत आली, तिने हात धरला तर त्यांनी झटकला.

"पानी सोडीसन मी कसा येऊ?" ते म्हणाले, आणि भर उन्हात उभे राहून रडायला लागले.

मला माझी इतकी शरम कधी वाटली नव्हती. माणसाची घरी जायची एकुलती एक वाट मी एका फोनवर पुसली होती. आणि तोरा काय, तर मी जागा बघितल्याशिवाय रेघ ओढत नाही!

कुंपणाच्या भिंतीच्या कामाला पाण्याचा टँकर आला होता. वरच्या बांधाला, जिथून पाट शेतात शिरायचा, नेमका तिथेच उभा होता. मी टँकरवाल्याला ओरडले, "भटूभाऊ, कॉक सोडा!"

"मॅडम, भिंतीचं पाणी शे हाई."

"सोडा म्हणते ना!"

त्याने सोडला. पाणी धबाधबा पडलं, मातीने पहिलं सगळं पिऊन टाकलं. पण पाट बुजवलेली माती भुसभुशीत होती. पाणी लागलं तशी ती बसायला लागली, आणि त्या सपाटीवर जुन्या पाटाची ओली रेघ हळूहळू वर आली. आबांनी मान वळवली. आवाज ओळखला असावा. ते तरातरा बांधाकडे गेले, खांद्यावरचं फावडं उतरवलं आणि कामाला लागले.

इथे ढेकूळ लाव, तिथे काठ फोड, पाणी थांबलं की पायाने चिखल सार. आता त्यांचा पाय कुठे अडखळत नव्हता. बोटभर धार त्यांच्या पावलाशी यायची, ते पुढे सरकायचे, ती मागे यायची. मी आखणीसाठी आणलेली चुन्याची पिशवी उचलली आणि त्यांच्या मागे निघाले. त्यांचं पाऊल उमटलं की बाजूला एक चिमूट चुना. हवा तशीच थरथरत होती, बाभळी तशाच पाण्यात उभ्या होत्या. हे सगळं मी आधी पाहिलेलं होतं, फक्त या वेळी माझे पाय भिजले होते.

तेवढ्यात शेठ आले. "मॅडम, काय चाललंय हे? आज सकाळीच तर लेव्हल पुरी झाली!"

मी थांबले नाही, चुना टाकता टाकताच बोलत राहिले. आणि बोलता बोलता सुचलं. "शेठ, खुली जागा तर सोडायचीच आहे ना? रस्ता पुन्हा पाटाच्या वळणाने नेऊ आणि ती कोपऱ्यातून काढून वळणाच्या आत आणू. वाघाचं तोंड खुल्या जागेत गेलं, तिथे घर कोणी बांधायचंच नाही. बाहेरचे गोमुखी तुमचे. कोपऱ्यात चौकोनी प्लॉट पडतील."

शेठ चिखलात उभे राहून आबांकडे बघत होते. त्यांची पांढरी पँट घोट्यापर्यंत भरली होती. "हे आधी का नाही सांगितलं?"

"सुचलं नाही. चूक माझी."

"काढा मग नवा नकाशा," ते म्हणाले, आणि पाण्याच्या आड आलेलं एक ढेकूळ त्यांनी वाकून बाजूला केलं.

आबांच्या घरापर्यंत पोचायला दीड तास लागला. शेवटी तर सुतासारखी धार उरली होती. ती ओट्यापुढच्या धुण्याच्या दगडाशी आली तेव्हा आबांनी फावडं भिंतीला टेकवलं आणि पाण्यात पाय सोडून दगडावर बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती.

"बठ्ठासले भेटनं का पानी?"

मी मागे वळून बघितलं. चाळीस प्लॉट, एकाचाही अजून मालक नाही. वळणं घेत आलेली चुन्याची पांढरी रेघ, आणि टोकाला टँकरपाशी उभा भटू.

"हो आबा. सगळ्यांना भेटलं."

"शेवटलाले बी?"

"शेवटच्यालाही."

"मंग बंद कर आते."

मी लांबूनच भटूला हात केला. त्याने कॉक फिरवला. आबांनी धोतराचा सोगा सोडला, पाय झटकले आणि दारात उभ्या असलेल्या सुनेकडे वळले.

"सुमन," ते म्हणाले, "भूक लागनी व."